मुक्कामी गाडी

रात्री साडेआठला साताऱ्याची एसटी आमच्या गावात यायची आणि मारुतीच्या देवळापुढं मुक्कामाला थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपायचे. सकाळी सहाला ती सुटायची तेव्हा आत माणसं दहा-बारा आणि डबे पंधरा-सोळा. ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर कापडी पिशव्या एकमेकींना टेकून बसलेल्या असत. आत ॲल्युमिनियमचे डबे, झाकणावर ऑइलपेंटनं नावं. माझ्या डब्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः नाव घातलं होतं. मास्तर असल्यामुळं अक्षर वळणदार, पण रंग बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला.

साडेनऊला साताऱ्याच्या स्टँडवर आम्ही पोरं त्या गाडीची वाट बघत उभी. आधी माणसं उतरू द्यायची, मग डबे. तीन-चार भाकरी, कधी मटकीचं कोरड्यास, कधी नुसता खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी. त्यात दोन्ही वेळा भागवायच्या. रिकामा डबा संध्याकाळच्या त्याच गाडीनं गावाला परत. कंडक्टरला त्याबद्दल कोणी पैसे देत नव्हतं. सणाला पुरणपोळी पोचायची, एवढंच. कधी डब्यांची अदलाबदल व्हायची. मग दुसऱ्याच्या आईच्या हातचं जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगायचं, तुझ्याकडं मीठ जरा जास्त पडतंय बघ.

हे १९८८ सालचं. अकरावीला मी माण तालुक्यातून साताऱ्यात आलो आणि बी.एस्सी. होईपर्यंत पाच वर्षं तिथं राहिलो. परवा पुतणीच्या ॲडमिशनच्या निमित्तानं दोन दिवस पुन्हा त्या गावात हिंडलो. तेव्हापासून त्या बॉनेटवरच्या पिशव्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. साताऱ्यातली कॉलेजं कशी वाढली हे कोणी विचारलं, तर इमारतींपासून सुरुवात करणं मला जमणार नाही. माझ्या लेखी ती भाकरीपासून वाढली.

पुसेगाव, कोरेगाव करत येणाऱ्या गाडीला सातारा एकदम दिसत नाही. क्षेत्र माहुलीला कृष्णा ओलांडायची, डाव्या-उजव्या हाताला घाट आणि देवळं, कृष्णा-वेण्णेचा संगम, आणि मग समोर अजिंक्यतारा आडवा. त्याच्या मागं यवतेश्वरचा डोंगर, त्याच्या मागं कास. गाव या डोंगरांच्या कुशीत उतारावर पसरलेलं. शाहू महाराजांनी १७०८ मध्ये इथं राज्याभिषेक करून घेतल्यावर किल्ल्याच्या पायथ्याशी पेठा वसत गेल्या: माची, चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ आणि वारांच्या नावाच्या. उतारावरचं गाव असल्यामुळं रस्त्यांनाही तशीच नावं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं जाणारा राजपथ म्हणजे वरचा रस्ता, कर्मवीर पथ म्हणजे खालचा रस्ता. आम्हा दुष्काळी भागातल्या पोरांना या खोऱ्याचं पहिलं नवल वाटायचं ते पाण्याचं. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्या माणमध्ये पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक साखर वाटतील. साताऱ्याच्या वरच्या पेठांना कासच्या तळ्याचं पाणी उतारानं, पंपाशिवाय येतं, हे ऐकल्यावर माझा खोलीवरचा जोडीदार पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा आंघोळ करत होता.

शाळांच्या बाबतीत हे गाव जुनंच शहाणं. नगरवाचनालय १८५२ चं. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात, ज्याला पुढं प्रतापसिंह हायस्कूल म्हणू लागले, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. न्यू इंग्लिश स्कूल १८९९ चं. म्हणजे मॅट्रिकपर्यंत सगळं होतं. पण मॅट्रिक झालेल्या पोरानं पुढं काय करायचं? पुण्याला फर्ग्युसन १८८५ पासून, कोल्हापूरला राजाराम कॉलेज त्याच्याही आधी, सांगलीला विलिंग्डन १९१९ पासून. साताऱ्यात १९४७ पर्यंत एकही कॉलेज नाही. छत्रपतींची राजधानी, जिल्ह्याचं ठाणं, आणि कॉलेज नाही. ज्यांच्या घरी पैसे किंवा पुण्यात नातेवाईक होते ती पोरं गेली. बाकीची तलाठी, मास्तर किंवा मिलिटरीत.

कॉलेज नव्हतं, पण बोर्डिंग होतं. माझ्या मते साताऱ्याचं सगळं वेगळेपण या उलट्या क्रमात आहे.

भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. सोबत आणलं ते वसतिगृह. शाळा गावात होत्याच. खेड्यातल्या पोराची अडचण शाळेपाशी नव्हती, ती रात्री कुठं झोपायचं आणि काय खायचं यापाशी होती, हे त्या माणसाला स्वच्छ दिसलं होतं. त्यांनी मराठा, महार, मुसलमान, जैन, रामोशी अशा सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणि एका पंगतीत बसवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. जागा धनिणीची बाग. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, पोरांच्या पोटासाठी एकेक दागिना काढून दिला आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट साताऱ्यात लहान मुलालाही ठाऊक असते. भाषणांमध्ये ती इतकी वापरली गेली आहे की ऐकताना आता मन बधिर होतं. पण एकदा हिशोबाच्या अंगानं बघा. महिन्याचं धान्य संपलं आहे, दुकानदार उधार देत नाही, संध्याकाळी पंगतीला पोरं बसणार आहेत. घरात आलेली पोरं उपाशी झोपवायची नाहीत एवढाच तिथं प्रश्न होता. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. त्यांना एकही कॉलेज बघायला मिळालं नाही.

आबा १९५३ मध्ये बोर्डिंगात आले, पंधराव्या वर्षी. भाऊरावांना ते अण्णा म्हणायचे, सगळेच म्हणायचे. आबांना अण्णांचं कुठलंही भाषण आठवत नव्हतं. आठवायची ती दाढी, अंगावरचं जाडंभरडं खादीचं पांघरूण आणि आपल्याला विचारलेला एकुलता एक प्रश्न: जेवलास का? यावर मी एकदा आगाऊपणा केला होता. म्हटलं, आबा, एवढा मोठा माणूस आणि तुम्ही त्यांना पुढं काहीच विचारलं नाही?

"काय इचारायचं? जेवलो नव्हतो, त्ये सांगितलं."

कमवा आणि शिका हे शब्द आता योजनेचं नाव म्हणून विद्यापीठांच्या परिपत्रकांत असतात. पुणे विद्यापीठाची योजना तर भाऊरावांच्याच नावानं चालते. आबांच्या तोंडी त्याला योजना वगैरे काही म्हणत नसत. नुसतं "काम" म्हणत. पहाटे काम, मग शाळा, परत काम. शेतात खुरपायचं, रहाटानं पाणी ओढायचं, दगड-माती वाहायची, पाळीनं स्वयंपाकघरात बसायचं. आबांना भाकरी थापता यायची ती तिथं शिकलेली, आणि माझ्या आईला त्याचा राग होता, कारण त्यांची भाकरी तिच्यापेक्षा पातळ व्हायची. आवारातल्या एका बांधाजवळून जाताना ते दर वेळी थांबायचे. "ह्यो आमच्या तुकडीनं घातलाय." बांध तोच होता की पुढं कोणी नवा घातला, मला शंका आहे. मी कधी बोललो नाही.

जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झालं. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी. म्हणजे बोर्डिंग आल्यावर तेवीस वर्षांनी कॉलेज. इथंही कष्ट करून शिकायची सोय आधी आणि बाकी सगळं नंतर. या कॉलेजच्या नावाची कथा साताऱ्यातल्या रिक्षावाल्यालाही पाठ आहे. कुणा धनिकानं मोठी देणगी देऊ केली, अट एकच, कॉलेजला माझं नाव द्या. अण्णा म्हणाले म्हणे, एक वेळ बापाचं नाव बदलीन, शिवाजी महाराजांचं बदलणार नाही. रक्कम सांगणाऱ्यागणिक वाढते. मी हजारांपासून लाखांपर्यंत ऐकली आहे.

कथा जशी असेल तशी असो, पण साताऱ्यातल्या कॉलेजांच्या कमानींवरची नावं वाचत जा. शिवाजी कॉलेजच्याच पोटातून पुढं विज्ञान आणि वाणिज्य वेगळे झाले. विज्ञानाला यशवंतराव चव्हाणांचं नाव. वाणिज्याला धनंजयराव गाडगीळांचं, ज्यांनी सहकारी साखर कारखानदारीला अर्थशास्त्राचा पाया दिला. बी.एड. कॉलेजला मौलाना आझादांचं. लॉ कॉलेजला इस्माईलसाहेब मुल्लांचं, जे इथलेच वकील आणि संस्थेचे जुने साथीदार. रयतमध्ये काम केलेल्या बापूजी साळुंख्यांनी १९५४ मध्ये विवेकानंद शिक्षण संस्था काढली, तिच्या इथल्या कॉलेजला लालबहादूर शास्त्रींचं. यातल्या एकाही नावाचा वारस संस्थेच्या ऑफिसात बसून चेकवर सह्या करत नाही. आज राज्यात कुठंही जा, कमानीवर अध्यक्षांच्या वडिलांचं किंवा मातोश्रींचं नाव असतं. आईवडिलांचं नाव द्यायला माझी हरकत नाही. फक्त त्या कमानीखालून आत जाताना आपण कुणाच्या तरी वाड्यात चाललोय असं वाटतं आणि आवाज आपोआप खाली येतो.

माझ्या वेळेपर्यंत बोर्डिंगात जागा अपुऱ्या पडत होत्या. गुणवत्ता यादी लागायची, त्यात मी बसलो नाही. सदर बझारमध्ये कॉट बेसिसवर राहिलो. दहा बाय बाराची खोली, चार कॉट, एक टेबल, त्या टेबलाचे चार वाटे खडूनं आखलेले. घरमालक रिटायर्ड सुभेदार. साताऱ्यात दर तिसरा घरमालक तेव्हा रिटायर्ड फौजी असायचा. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये याच गावात निघाली ती काही उगाच नाही. सुभेदारसाहेब रात्री साडेदहाला मेन स्विच बंद करायचे. परीक्षेच्या दिवसांत मात्र न सांगता चालू ठेवायचे आणि सकाळी पाचला दारावर काठी आपटायचे. ती काठी भाड्यात धरलेली होती.

डबा येत होता तोवर ठीक. दुसऱ्या वर्षी दुष्काळानं जोंधळा-बाजरी दोन्ही गेल्या आणि आईनं निरोप धाडला की आता मेस लाव. तेव्हा मला साताऱ्याचा दुसरा चेहरा दिसला. गल्लीगल्लीत मावश्या होत्या. कुणी विधवा, कुणाचा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि संपात घरी बसला, कुणी अशीच सासूच्या जाचातून सुटून दोन खोल्यांत संसार मांडलेली. पुढच्या खोलीत सतरंजी आणि भिंतीवर खाडे लिहायची वही दोऱ्याला बांधलेली. महिन्याला चार खाडे धरत, पाचवा खाडा आपल्या नशिबाचा. रविवारी सकाळी फीस्ट, संध्याकाळी चूल बंद. आमच्या मावशींकडं तीसेक पोरं जेवायची. त्यांचा थोरला पुढं इंजिनिअर झाला तो आमच्या भाकऱ्यांवर, असं त्या स्वतःच सांगायच्या. एखाद्याची मनीऑर्डर लांबली की वहीत त्याच्या नावापुढं शून्य काढून ठेवायच्या. पैसे आले की शून्याच्या पोटात आकडा. माझ्या नावापुढचं एक शून्य बी.एस्सी.च्या निकालापर्यंत रिकामं होतं.

एका कॉलेजात दोन हजार पोरं असतील आणि त्यातली निम्मी बाहेरगावची, तर गावात हजारभर ताटं रोज वाढली जातात. दोनशे-अडीचशे खोल्या भाड्यानं जातात. सायकलचं पंक्चर, झेरॉक्स, जर्नलची कव्हरं, वसतिगृहाजवळचा न्हावी, राजवाड्याच्या चौपाटीवरची भेळ, घरी जाताना घेतलेला पाव किलो कंदी पेढा. मुंबईत शिकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण साताऱ्यात मोठा कारखाना म्हणजे कॉलेजच होतं. जूनमध्ये पावसाबरोबर गाव भरायचं, मेमध्ये ओस. आणि नुसतं पैशांचं नव्हे. जावळीचा, पाटणचा, माणचा, फलटणचा पोरगा एका खोलीत चार कॉटवर झोपतो तेव्हा पाटणच्या पोराचं घर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं आहे हे माणच्या पोराला रात्री अंधारात कळतं, आणि पाणी जास्त असण्याचंही दुःख असतं हे त्याला पहिल्यांदा ऐकायला मिळतं. आमच्या वर्गात हा विषय कधी निघाला नाही. सगळं शिक्षण साडेदहानंतर, मेन स्विच बंद झाल्यावर.

वर्गातलंही थोडं सांगतो, नाहीतर आमचे वनस्पतिशास्त्राचे सर नाराज होतील. त्यांची खरी प्रयोगशाळा पंचवीसेक किलोमीटरवर, कासच्या पठारावर होती. तेव्हा तिथं तिकीट नव्हतं, कुंपण नव्हतं, आणि फुलांमध्ये लोळून फोटो काढणारी माणसंही नव्हती. सप्टेंबरात सर आम्हाला घेऊन जायचे आणि जांभ्याच्या सपाट खडकावरच्या घोटाभर पाण्यात उभं राहून वायतुरा दाखवायचे. दोन फाट्यांचा गुलाबी तुरा. "शास्त्रीय नाव लिहा," म्हणायचे, "अपोनोजेटॉन सातारेन्सिस." मग थांबून आमच्या तोंडाकडं बघायचे. जगाच्या वनस्पतिकोशात आपल्या गावाचं नाव लॅटिनमध्ये लिहिलंय, हे आम्ही वहीत लिहून घ्यायचो, पण त्या थांबण्याचा अर्थ कळायला मला पुढची वीस वर्षं लागली. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि आमच्या सरांचा वर्ग सगळ्या देशाचा झाला. पार्किंगसहित.

आबा आणि मी दोघंही साताऱ्यातच शिकलो, पण पदवीवरचे शिक्के वेगळे. सुरुवातीला साताऱ्याचं कॉलेज मुंबई विद्यापीठाखाली होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं, आबांच्या कागदावर त्याची मोहर. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं, म्हणून माझा कागद कोल्हापूरचा. मार्कलिस्टमध्ये नावाची एक वेलांटी चुकली तर पहाटेची गाडी धरून एकशेवीस किलोमीटर कोल्हापूर गाठायचं, खिडकीसमोर उभं राहायचं, "उद्या या" ऐकायचं. आणि २०२१ मध्ये शिवाजी कॉलेज, चव्हाण सायन्स आणि गाडगीळ कॉमर्स या तिघांना मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, समूह विद्यापीठ म्हणतात तसं. मुंबई, पुणे, कोल्हापूर असा सरकत सरकत शिक्का चौऱ्याहत्तर वर्षांनी घरी पोचला. आबा हे बघायला हवे होते. त्यांनी विचारलं असतं, मग वेलांटी आता पायी जाऊन दुरुस्त होईल का? कोरोनाच्या लाटा ओसरल्यावर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं. ज्या जिल्ह्यातला पेशंट पुण्याला नेता नेता खंबाटकी घाटात जायचा, तिथं आता शंभर पोरं दर वर्षी डॉक्टरकीला बसतात. हा बदल मोठा आहे आणि त्याबद्दल माझी काहीही कुरकुर नाही.

कुरकुर आहे ती महामार्गाबद्दल. तीही अर्धीच.

१९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी आपली पोरं कर्नाटकात डोनेशन भरून जात होती, ती इथं थांबली, हे खरं. त्या दारातून पुढं जे आलं ते सगळ्यांना माहीत आहे. साताऱ्यात ही लाट जरा उशिरा पोचली आणि पोचली ती महामार्गाच्या कडेनं. पेठांमध्ये जागा नाही, डोंगरावर चढता येत नाही, मग खोऱ्याच्या सपाटीवर, वाढे, लिंब, वर्ये अशा गावांच्या शिवारात ऊस-सोयाबीनच्या जमिनींवर कॅम्पस उभे राहिले. कॅम्पस हा शब्दही त्यांच्याबरोबर आला. आम्ही "आवार" म्हणायचो. काचेची दर्शनी भिंत, हिरवळ, ध्वजस्तंभ, कमान, आणि मागच्या बाजूला ओळीनं उभ्या पिवळ्या बस.

या बसगाड्यांवर तोंड टाकणं सोपं आहे. पण आमच्या वेळी प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये वीस पोरांत चार मुली असायच्या, आणि त्या चारही साताऱ्याच्याच. माझी थोरली बहीण मॅट्रिकला माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाली होती. तिचा डबा कधी त्या बॉनेटवर चढला नाही. "पोरीला एकटी शहरात ठेवायची?" हा प्रश्न आमच्या मास्तर वडिलांनीसुद्धा विचारला, अण्णांच्या बोर्डिंगात वाढलेल्या. भाऊरावांनी अध्यापिका घडवायला १९४२ मध्येच साताऱ्यात जिजामाता विद्यालय काढलं होतं, तरीही विचारला. आज तीच पिवळी बस कोरेगावच्या, मेढ्याच्या चौकात थांबते आणि त्यात निम्म्याहून जास्त मुली चढतात. संध्याकाळी घरी पोचतात. आईबाप निवांत. आक्काच्या काळात अशी एखादी बस असती तर, हा विचार मी फार लांबवर नेत नाही.

पण पाच वाजता बस सुटते. पाच-दहाला त्या सगळ्या इमारती रिकाम्या होतात आणि वॉचमन कमानीला साखळी लावतो. मी परवा मुद्दाम थांबून बघितलं. हिरवळीवर स्प्रिंकलर चालू, आणि माणूस एक नाही. अशा ठिकाणी पोरं शिकतात, पास होतात, नोकरीलाही लागतात. फक्त ती साताऱ्यात कधी आलेलीच नसतात. गावात मेस कमी झाल्या. माझ्या मावशींच्या गल्लीत आता तीन अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षावाल्यांच्या. प्लायवुडचे कप्पे, एसी, कान झाकून बसलेली पोरं. खडूनं आखलेल्या टेबलाचीच ही सुधारलेली आवृत्ती, फक्त मधली भिंत आता डोक्याच्या वर गेली आहे.

पुतणीला इंजिनिअरिंगला जागा मिळाली ती अशाच एका कॅम्पसमध्ये. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, तिसऱ्या राउंडला. ऑफिसातल्या माणसानं आम्हाला एकूण फीचा कागद दिला आणि त्यातली शिक्षण शुल्काची ओळ पेनानं खोडली. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे. आम्ही बाहेर आलो, कॅन्टीनमध्ये बसलो आणि भावाला फोनवर सांगितलं की फी नाही. तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, "आणि राहायचं-खायचं?"

शंभर वर्षं झाली, प्रश्न धनिणीच्या बागेतलाच आहे. निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत, अर्ज आम्ही भरला. पण घरमालकीण पहिल्या तारखेला रोख मागते. कॅम्पसचं वसतिगृह छान आहे, टाइल्स, गीझर, आणि त्याचा आकडा आमच्या गावातल्या एका एकराच्या ज्वारीपेक्षा जास्त. आमच्या गावातून बस येत नाही, माण लांब पडतं.

"मला तसंही तिथं राहायचं नाही," पुतणी म्हणाली. "पाचनंतर तिथं काहीच नसतं काका. हायवे बघत बसायचं का?"

मग आम्ही सदर बझारमध्ये खोल्या बघायला लागलो. सुभेदारसाहेबांच्या घराच्या जागी चार मजली अपार्टमेंट आहे, मावशींचं घर बंद. सहावं का सातवं दार असेल. दार उघडणाऱ्या बाई पन्नाशीच्या, पदराला हात पुसत आल्या. मागच्या खोलीत तीन कॉट, दोन भरलेल्या. खिडकीतून अजिंक्यतारा आणि त्यावरचा टीव्हीचा मनोरा. टेबल एकच. माझी नजर त्यावर खडूच्या रेघा शोधत होती. अर्थातच नव्हत्या, मोबाइल चार्जरचं बोर्ड होतं.

"कुठलं गाव?"

सांगितलं.

"मुक्कामी गाडी जायची की तिकडं. आमचे हे होते ना त्या रूटला. कंडक्टर." त्या माझ्याकडं बघत होत्या. "डबं यायचं बघा लय."

मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. मला कंडक्टरचा चेहरा आठवला नाही, खाकी बाही आणि तिकिटाची पेटी तेवढी आठवली. आपण त्यांना कधी पैसे दिले नव्हते हे मात्र लख्ख आठवलं. मी म्हटलं, डबा ते नेहमी सरळ द्यायचे, कधी सांडला नाही.

"त्येंचं तसंच होतं," बाई म्हणाल्या आणि पुतणीकडं वळल्या. "दोन वेळचं जेवण मी देते. रविवारी संध्याकाळी चूल बंद. कपडे गच्चीत. रात्री नऊला गेट बंद, मग फोन केला तरी उघडायची नाही."

"नऊला लायब्ररीच सुटते, मावशी," पुतणी म्हणाली. "दहा करा."

"साडेनऊ."

"पावणेदहा. आणि भाकरी मी थापीन रविवारची."

"तुला येती?"

"आजोबांनी शिकवलीय."

बाईंनी तिचा हात हातात घेऊन तळवा उलटा-सुलटा करून बघितला, बाजारात वांगं बघतात तसा.